दगडापेक्षा वीट : अनिष्ट पर्यायांच्या पत्तेखेळाचे स्वरूप व मर्यादा

मराठीत ‘दगडापेक्षा वीट मऊ’ आणि ‘इकडे आड, तिकडे विहीर’ अशा दोन म्हणी शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. दोहोंचा विषय एकच, तो म्हणजे दोन अनिष्टांतील निवड; परंतु निष्कर्ष मात्र भिन्न आहे. पहिली म्हण अनिष्टांची तुलना शक्य मानते व त्यांतील सौम्य ते पत्करावे असे सुचविते. दुसरीच्या मते अशी तुलना व्यर्थ होय. दोन्हीकडे बुडणेच आहे. या दोन भूमिकांमधील जुना वाद अलीकडे एका पत्तेखेळाच्या रूपाने तरुणांच्या बैठकीत येऊन बसला आहे. हा खेळ काय शिकवितो आणि काय शिकवू शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘ट्रायल बाय ट्रॉली’ या नावाचा हा खेळ २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विदर्भात ट्रॉली म्हटले की ट्रॅक्टरमागील गाडा डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत आहे ती मुंबईत १९६४ पर्यंत धावत असलेल्या ट्रामसारखी रुळांवरील गाडी. तीन ते तेरा जणांना हा खेळ खेळता येतो. प्रत्येक डावात एक खेळाडू गाडीचा चालक होतो. उरलेल्यांचे दोन पक्ष पडून प्रत्येकाच्या वाट्याला एकेक रूळ येतो. प्रत्येक पक्ष आपल्या रुळावर निरपराध व्यक्तींचे पत्ते मांडतो, प्रतिपक्षाच्या रुळावर अपराध्याचा पत्ता टाकतो आणि एखाद्या व्यक्तीला गुण वा दोष चिकटविणारा पत्ताही जोडतो. मग वाद सुरू होतो. गाडी थांबविता येत नाही. ती कोणत्या रुळावरून न्यावयाची एवढेच चालकाने ठरवावयाचे असते. ज्यांच्या रुळावरील माणसे चिरडली जातात त्या पक्षाला मृत्यूची खूण मिळते. ज्याच्याजवळ अखेर अशा खुणा सर्वांत कमी, तो विजयी.

खेळाचा उगम अर्थातच तत्त्वज्ञानात आहे. ब्रिटिश विदुषी फिलिपा फुट यांनी १९६७ साली एका निबंधात असा प्रश्न मांडला, की अनावर झालेल्या ट्रामच्या चालकाने पाच कामगार असलेला मार्ग सोडून एकच कामगार असलेल्या मार्गावर गाडी वळवावी काय? पुढे जुडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७६ व १९८५ च्या लेखांत या प्रश्नाचा विस्तार केला. रुळांचा खटका ओढून एकाचा बळी देण्यास मान्यता देणारी माणसे, तेच पाच जीव वाचविण्यासाठी पुलावरून एखाद्यास ढकलण्याची कल्पना मात्र धिक्कारतात. संख्या तीच असता न्याय बदलतो, तो का, हा त्या चर्चेचा गाभा होय.

नागपूरच्या दक्षिणेला, एकेकाळी ग्रामपंचायत असलेल्या आणि पुढे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या हुडकेश्वर भागात पाचसहा विद्यार्थी हा खेळ मराठी पत्ते करून खेळत आहेत, अशी कल्पना करावी. डाव्या रुळावर मे महिन्याच्या उन्हात वस्तीला पाणी पोचविणारा टँकरचा चालक आहे. प्रतिपक्ष त्याच्याशेजारी पाण्याचा काळाबाजार करणाऱ्या त्याच्या मालकाला उभा करतो. उजव्या रुळावर सावजी भोजनालयातील आचारीण आहे आणि ‘त्या मसाल्याचे प्रमाण तिला एकटीलाच ठाऊक आहे’ असा पत्ता तिला जोडला आहे. बैठकीत हशा पिकतो, परंतु त्या हशाआड गंभीर व्यापार चाललेला असतो. एका माणसाचे मोल दुसऱ्याशी ताडून पाहणे, त्यासाठी कसोटी शोधणे आणि ती कसोटी पुढच्याच डावात आपल्यावर उलटलेली पाहणे, हे सर्व एका तासात घडते. उपयुक्तता, अपराध, नाते, वय यांपैकी कोणती कसोटी आपण नकळत वापरतो, हे ओळखण्यास असा खेळ व्याख्यानापेक्षा अधिक साहाय्यक ठरेल.

शब्दयोजनेचे सामर्थ्यही तो दाखवून देतो. ट्वेर्स्की व कानेमान यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. सहाशे माणसांच्या जिवावर उठलेल्या एका कल्पित रोगावर दोन योजना सुचविण्यात आल्या होत्या. ‘दोनशे निश्चित वाचतील’ असे सांगितले असता शेकडा ७२ जणांनी ती निश्चित योजना पसंत केली. तीच योजना ‘चारशे निश्चित मरतील’ अशा शब्दांत मांडली असता तिला केवळ २२ टक्के मते पडली. पत्ता कोणत्या शब्दांत मांडला आहे, यावर निवाडा किती अवलंबून असतो, हे यावरून दिसते.

तथापि आपल्या परंपरेतील एका कथाचक्राशी तुलना केली असता या खेळातील उणीव उघड होते. ‘वेताळपंचविशी’ सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे आणि एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ती मराठीत आणली. तेथेही प्रत्येक कथेअंती निवाडा मागितला जातो. परंतु निवाडा करणारा राजा स्वतःच कोंडीत सापडलेला असतो. उत्तर ठाऊक असूनही मौन धरले तर मस्तकाची शकले होणार, आणि बोलले तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. निवाड्याची किंमत निवाडा करणाऱ्याला मोजावी लागते. पत्तेखेळातील चालकावर त्या डावात कोणतीच खूण पडत नाही. शिवाय अखेरच्या कथेत राजाला उत्तर सुचत नाही, तो निरुत्तर राहतो आणि वेताळ त्यामुळेच प्रसन्न होतो. पत्तेखेळात अशा मौनाला स्थान नाही.

याहून मोठी मर्यादा अशी, की खेळात रूळ आधीच टाकलेले असतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरला हा प्रश्न पत्त्यांवाचून पडला. खाटा, प्राणवायू व रेमडेसिव्हिर यांचा तुटवडा होता आणि त्यांपैकी कोणाला काय द्यावयाचे हे ठरविणे डॉक्टरांना भाग पडत होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. परंतु खंडपीठाने रुग्णारुग्णांत निवड केली नाही, पुरवठा वाढविण्याचे आदेश दिले. त्याच सुमारास, १९ एप्रिल रोजी, कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन एक रेल्वेगाडी विशाखापट्टणमला रवाना झाली. द्रवरूप प्राणवायूने भरलेले सात टँकर घेऊन ती परतली. त्यांपैकी तीन २३ एप्रिलला नागपुरात उतरविण्यात आले व उरलेले चार नाशिककडे गेले. येथे रुळांवरून आलेली गाडी माणसे चिरडणारी नव्हती, पर्याय वाढविणारी होती.

अर्थात यामुळे निवड संपली असे नव्हे. तीन टँकर येथे आणि चार तेथे, ही देखील वाटणीच होती. एका जिल्ह्याला दिलेली कुपी दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून तुलनेचे शिक्षण निरुपयोगी नाही. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा, तो म्हणजे हे दोनच मार्ग उरले कसे? कोंडी पुष्कळदा निसर्गाने नव्हे, तर पूर्वीच्या दुर्लक्षाने घडविलेली असते. तयार कोंडीवर बुद्धी चालविण्याची सवय लागलेला विद्यार्थी पुढे अधिकारी झाला, तर तो वाटणीत निष्णात होईल आणि पुरवठ्याकडे पाहावयाचे विसरेल.

नीतिशास्त्राच्या वर्गात हा खेळ वापरावयाचा झाल्यास दोन नियम जोडावेत, असे सुचवावेसे वाटते. निवाड्यापूर्वी चालकाने हे रूळ कोणी व केव्हा टाकले याचे उत्तर दोन्ही पक्षांकडून घ्यावे. आणि निवाड्यानंतर एक खूण त्याने स्वतःकडेही ठेवावी. वीट दगडापेक्षा मऊ खरी. परंतु ती कोणाच्या डोक्यावर पडावी हे ठरविणाऱ्याला तिचा भार ठाऊक असला पाहिजे.