गेममधला दादा

पुण्यात वनदेवीच्या देवळाकडून खाली उतरलं की कर्वेनगरात सोसायट्यांची रांगच लागते. आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी तीन मुलं स्कूटरच्या सीटवर रेलून मोबाईलवर फ्री फायर मॅक्स खेळतात. परवा त्यातल्या सहावीतल्या एकाला विचारलं, "स्क्वाडमधला चौथा कोण रे?"

"एक दादा आहे, नागपूरचा. डायमंड देतो."

"भेटलायस कधी?"

"नाही. पण चांगलाय."

चांगला असतोच, सुरुवातीला. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत सायबर जागरूकता महिन्याच्या उद्घाटनात अक्षय कुमारने आपल्या तेरा वर्षांच्या मुलीची हकिगत सांगितली. गेममधला अनोळखी खेळाडू आधी नुसती शाबासकी देत होता. मग कुठली ते विचारलं, मग मुलगा की मुलगी. आणि नंतर थेट नग्न फोटो मागितला. तिने सगळं बंद केलं आणि जाऊन आईला सांगितलं.

मला यात तिचं आईकडे जाणं सगळ्यात मोलाचं वाटतं. एरवी मुलं गप्प बसतात, कारण पुढचा संवाद त्यांना पाठ असतो: "आण तो मोबाईल इकडे!" फोटो मिळवून धमकावणाराही याच भीतीवर जगतो.

मोबाईलची वेळच बांधून देणारेही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. कौतुकच आहे. पण कर्वेनगरात सातला निम्मे आईबाप राजाराम पुलाच्या ट्रॅफिकमध्ये असतात, भोंगा ऐकणार कोण? शिवाय 'दादा' साडेआठनंतरही येतोच.

मोबाईल किती वेळ हातात आहे, यापेक्षा पलीकडे कोण आहे, ते विचारा. फुकटची भेट, गेममधल्या गप्पा टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर नेणं आणि 'घरी सांगू नको', या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आल्या की समजून जावं. आपण खोलीत शिरताच स्क्रीन पालथी पडत असेल, तर ओरडू नका. शेजारी बसा.

प्रकरण पुढे गेलंच असेल, तर पैसे देऊ नका आणि चॅट डिलीट करू नका. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नाव न सांगताही तक्रार करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. एक चूक मात्र भलेभले करतात: 'पुरावा' म्हणून तो फोटो नातेवाइकांना पाठवतात. अल्पवयीन मुलाचा तसा फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे.

पार्किंगमधल्या त्या मुलाला मी शेवटी विचारलं, "दादा कधी म्हणाला का, घरी सांगू नको म्हणून?"

त्याने मान वर केली नाही. "एकदा. म्हणाला, बाबा मोबाईल काढून घेतील."

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. बेल वाजवायच्या आधी त्याने दोनदा विचारलं, "घेणार नाहीत ना, काका?"