एका जिल्ह्याचं पाणी, दोन त्रिभुज प्रदेश



मागच्या महिन्यात दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला: "संशोधनासाठी प्रदेश कसा निवडायचा? जिल्हा घेतला तर चालेल का?" चालतं, बरेच जण तेच करतात. मीही तेच केलं होतं. माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक होतं 'धाराशिव जिल्ह्याचा सांस्कृतिक इतिहास'. गाईड मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "या जिल्ह्याचं पाणी कुठं जातं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या एका प्रश्नानं माझा विषय बदलला. कसा, ते आज सांगतो.

नकाशा काढा आणि बालाघाटाची रांग शोधा. धाराशिव जिल्हा या रांगेवर पसरलेला आहे, आणि हीच रांग इथलं पाणी दोन बाजूंना वाटते. तेरणा आणि मांजरा पूर्वेकडे वाहतात. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा पुढे तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला. पश्चिमेची सीना आणि नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी मात्र भीमेला मिळतात आणि भीमेतून कृष्णेला. म्हणजे एकाच पावसाचं पाणी, पण घाटमाथ्याच्या अलीकडचं गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात जातं आणि पलीकडचं कृष्णेच्या. हे दोन्ही प्रदेश आंध्रच्या किनाऱ्यावर शेजारी-शेजारी आहेत, मध्ये कोल्लेरू सरोवर. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टची झीज होऊन झालेल्या गाळाचा काही भाग तिथल्या भातखाचरांत आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे भूगोलाचं झालं. इतिहासाला त्याचं काय?

तेरणेच्या काठी तेर नावाचं गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक लेखकानं ग्रीक भाषेत व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस'. त्यात लिहिलंय की बॅरिगाझा, म्हणजे आजच्या भरूचपासून, पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे. आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' हे मोठं शहर आहे. तगरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भरूचला जाई. शिवाय समुद्रकाठच्या प्रदेशातून तगरला आलेला मालही पुढे जाई. हा समुद्रकाठ पूर्वेचा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. याच ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरच्या 'मसालिया'चा, म्हणजे कृष्णेच्या मुखाजवळच्या मछलीपट्टणम परिसराचा, उल्लेख आहे, आणि तोही मलमलीसाठीच!

पण तगर नेमकं कुठलं? यावर बराच काळ वाद होता. कुणी दौलताबाद म्हटलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर. शेवटी १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं आणि तेच मान्य झालं. हा वाद आपण स्वतः तपासून पाहू. संशोधनाची सवय अशीच लागते.

भरूच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर. वीस दिवसांनी भागलं तर रोजचे सतरा-अठरा. बैलगाडीच्या वाटेला हे पटतं. पैठण ते तेर साधारण १५० किलोमीटर, दहा दिवसांत रोजचे पंधरा. जुळलं. आता बाकीचे पर्याय बघा. दौलताबाद पैठणच्या उत्तरेला आणि अगदी जवळ, म्हणून बाद. जुन्नर पश्चिमेला, तेही बाद. धारूर मात्र सहज बाद होत नाही: दिशा आग्नेय, अंतर शंभरेक किलोमीटर. आणि खरं सांगायचं तर तेरही नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेलाच आहे. म्हणजे नुसत्या अंतरावर निकाल लागत नाही. तिथं दुसरे पुरावे लागतात: 'तगर'चं प्राकृतातून 'तेर' होणं, आणि जमिनीतून काय निघालं ते. तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, सातवाहनकालीन अवशेष सापडले. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीच्या जातकुळीतली आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तेरमध्येच आहे, ते नक्की बघा.

एक धडा: प्रत्येक पुरावा एकटा कच्चा असतो, वेगवेगळ्या जातीचे तीन पुरावे एकाच गावाकडे बोट दाखवायला लागले की दावा पक्का होतो.

कच्चं-पक्कं म्हटलं की तेरमध्ये गोरोबाकाकांची आठवण येणारच. संत गोरा कुंभारांची समाधी इथंच आहे. थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कोणतं मडकं कच्चं ते सांगणाऱ्या काकांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण गावात फिरताना आणखी काय दिसतं? विटांचं, गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर, जे हेन्री कझिन्स यांना मूळचं बौद्ध चैत्य वाटलं आणि काही अभ्यासकांना पहिल्यापासून हिंदू मंदिरच वाटतं. जैन मंदिरही आहे. खाली नळदुर्गला गेलात तर आदिलशाहीत बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल.

इथं एक मोह होतो. 'संस्कृतींचा सुंदर संगम' असं लिहून मोकळं व्हायचं. मीही लिहिलं होतं, आणि मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. संगम म्हटलं की प्रश्न संपतो. त्याऐवजी विचारा: कोण, कधी, कशासाठी आलं? वास्तू कुणी वापरली, कुणी बदलली, खर्च कुणी केला? त्रिविक्रमाच्या वादात कुठली बाजू बरोबर, यापेक्षा दोन्ही बाजू कोणत्या विटेवर उभ्या आहेत ते आधी पाहा.

आणि भाषेचं विसरू नका. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. म्हणून फक्त मराठी कागदांवर विसंबलात तर अर्धी गोष्ट हाती लागेल. मोडीबरोबर उर्दू शिकायला सुरुवात करा. मी उशिरा केली, त्याची किंमत अजून मोजतोय.

शेवटी माझा आराखडा बदलला तो असा: जिल्ह्याऐवजी तेरणेचं खोरं. जिल्ह्याच्या सीमा सरकारी कागदावर बदलतात, नाव बदलतं. तगरचे गाडीवान त्या सीमा ओळखत नव्हते. त्यांना नदीचा उतार, घाट आणि बाजार ठाऊक होते. तुमचा प्रश्न ज्या वाटेनं चालतो, तीच तुमच्या प्रदेशाची सीमा.

तर आज एवढंच करा. तुमच्या आराखड्यातल्या गावाचं नाव लिहा आणि खाली लिहा, इथलं पाणी कुठं जातं. उत्तर येत नसेल, तर वाचन तिथून सुरू करा.