सरपंचबाईंवर अविश्वास ठराव आला, तर मोजणी कशी होते?



बचत गटाची अध्यक्ष बदलायची झाली तर आपण मीटिंग बोलावतो. आलेल्या बायका हात वर करतात, जिकडे हात जास्त तिकडे निर्णय. सरपंचाला पायउतार करायचा हिशेब असा नसतो. तो ठाऊक नसला की ‘ठराव येणार’ एवढ्या बातमीवरच एखादी सरपंचबाई ‘नको ती कटकट’ म्हणून राजीनामा लिहून मोकळी होते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यातल्या कलम ३५ मध्ये हा ठराव येतो. सदस्यांनी आपल्यातून निवडलेला सरपंच असेल, तर किमान एक तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांना नोटीस द्यायची. तहसीलदार सात दिवसांत खास सभा बोलावतात आणि सभेचे अध्यक्षही तेच असतात. ज्या बाईवर ठराव आहे तिला त्या सभेत बोलता येते आणि मतही देता येते. रागाने किंवा लाजेने घरी बसणे म्हणजे हा हक्क आपल्या हाताने सोडणे.

आता खरी मेख. ठरावाला दोन तृतीयांश मते लागतात, तीही एकूण सदस्यांच्या, हजर असलेल्यांच्या नव्हे. नऊ सदस्यांची पंचायत असेल तर सहा. सभेला सहाच जण आले तर सहाच्या सहा मते पडायला हवीत. न आलेला सदस्य आपोआप सरपंचाच्या बाजूने मोजला जातो. ठरावाआधी सदस्यांना सहलीला का नेतात, ते आता कळले ना?

पद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर बाई बसली असेल, तर तीन चतुर्थांश मते लागतात. नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात, म्हणजे सात जण हवेत. सरपंचबाई स्वतः आणि तिच्या पाठीशी फक्त दोन सदस्य राहिले, तर विरोधात उरतात सहा. ठराव पडला! मात्र खुल्या पदावर निवडून आलेल्या बाईला ही ढाल मिळत नाही. मला हे काही पटत नाही, पण कायदा तसा आहे.

मोठ्या पदांनाही हाच हिशेब. आपल्या राष्ट्रपतींना हटवायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मते लागतात. आजवर एकाही राष्ट्रपतींना असे हटवलेले नाही. दक्षिण कोरियात ३०० खासदार आहेत, तिथे राष्ट्राध्यक्षांवरच्या ठरावाला २०० मते हवीत. ७ डिसेंबर २०२४ ला सत्ताधारी पक्षाचे बहुतेक खासदार उठून गेले, १९५ जणांनीच मतदान केले आणि ठराव बारगळला. आठवड्याने, १४ तारखेला, २०४ मते पडली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर केले.

जनतेतून थेट निवडलेल्या सरपंचाचे वेगळे आहे. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली आणि २०२२ ला परत आली. म्हणून आधी विचारा, आपल्या सरपंचांची निवड कशी झाली? थेट निवड असेल तर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला तरी काम संपत नाही. तो खास ग्रामसभेपुढे जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला अधिकारी तिथे बसतो आणि गावकरी गुप्त मतदान करतात.

आणि इथे हिशेब पालटतो, सख्यांनो. पंचायतीच्या सभेत न आलेला सदस्य सरपंचाला वाचवतो, पण ग्रामसभेत मते मोजतात ती आलेल्यांचीच. धारेची वेळ झाली, भाकऱ्या टाकायच्यात म्हणून तुम्ही घरी राहिलात, तर तुमचे मत कुणाच्याच बाजूला पडत नाही. सरपंचबाई काम चांगले करते असे वाटत असो की ती जावी असे वाटत असो, चावडीवर जायलाच लागते. मत गुप्त असते, त्यामुळे घरात कुणाला सांगायचीही गरज नाही.

निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही. एकदा पडला की पुन्हा दोन वर्षे थांबावे लागते. ठराव मंजूर झाला पण सभाच नियमाने झाली नाही असे सरपंचाला वाटले, तर सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. नोटीस, सभेची तारीख, हजेरी आणि कुणी काय मत दिले याची नोंद, असे सगळे कागद त्याच दिवशी मागून घ्यावेत.