घरच्या मत्स्यालयातील सिक्लिड : अंडी, पिल्ले आणि आईबाप

कटला किंवा रोहूची मादी पावसाळ्यात लाखांनी अंडी सोडते आणि पुढे निघून जाते. त्या अंड्यांचे पुढे काय झाले याच्याशी तिचा संबंध उरत नाही. प्रवाहात जी वाचतील ती वाचतील, हाच बहुतेक मत्स्यकुलांचा रिवाज आहे. या रिवाजाला जी थोडी कुले अपवाद आहेत त्यांत सिक्लिड हे कुल ठळकपणे उठून दिसते. अंड्यांसाठी जागा निवडणे, ती तोंडाने घासून लख्ख करणे, अंड्यांवर परांनी सतत पाणी खेळवणे, नासलेली अंडी वेचून काढणे, पिल्ले तोंडात धरून सुरक्षित जागी नेणे आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडणे, ही सर्व कामे हे मासे करतात. कित्येक जातींत नर व मादी ती वाटून घेतात.

आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर आणि दक्षिण आशिया एवढ्या विस्तृत प्रदेशात पसरलेल्या या कुलातील १,७०० हून अधिक जातींची नोंद आजवर झाली आहे. भारताच्या वाट्याला त्यांपैकी तीनच मूळच्या जाती आल्या. कोकण व गोव्याच्या खाड्यांत मिळणारी काळुंदर ही त्यांतील सर्वांत परिचित. केरळने २०१० साली हिलाच राज्यमासा म्हणून मान दिला. काळुंदरची जोडीदेखील पाण्यातील दगड किंवा लाकूड साफ करून त्यावर अंडी चिकटवते व पिल्लांची राखण करते. घराघरांतील काचेच्या टाकीत मात्र काळुंदर क्वचितच दिसते. तेथे मान आहे तो अमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या एंजल माशाला, मध्य अमेरिकेतील पट्टेदार कन्व्हिक्टला आणि आफ्रिकेच्या मलावी सरोवरातील रंगीत जातींना.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे कापसाच्या व चांदीच्या बाजारपेठेचे गाव समुद्रापासून कितीतरी दूर आहे. मुंबईस गेल्यावर, १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून परतलेल्या वऱ्हाडातील पाहुण्यांना समुद्राचे मासे घरी आणणे शक्य नव्हते. गोड्या पाण्यातील एंजलची जोडी मात्र खामगावच्या ओसरीतही नांदू शकते. तिने अंडी घातली की घरातील लहानथोर टाकीभोवती गोळा होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो पान रिकामे. अंडी आईबापांनीच खाल्लेली असतात. नवख्या पालकाची निराशा बहुधा येथूनच सुरू होते.

जोडी जमवण्याचा प्रश्न

एंजलमध्ये नर कोणता व मादी कोणती हे एरवी पाहून सांगता येत नाही. दुकानदाराने ‘जोडी’ म्हणून दिलेले दोन मासे जोडी असतीलच असे नाही. यास्तव पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवावेत आणि निवड त्यांच्यावर सोपवावी, हा मार्ग उत्तम. आठ ते बारा महिन्यांत ते वयात येतात. दोन मासे एक कोपरा धरून बसू लागले आणि इतरांना तेथून पिटाळू लागले की जोडी जमली असे समजावे. त्यांना वेगळी टाकी द्यावी. दोन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी, म्हणजे सुमारे सव्वाशे लिटर पाण्याची टाकी एका जोडीस पुरते. अंडी घालण्याच्या सुमारास दोघांच्याही पोटाखाली लहान नलिका दिसू लागते. मादीची बोथट व रुंद, नराची बारीक व टोकदार. दोन माद्याही कधी कधी जोडी करून अंडी घालतात. ती सर्वच्या सर्व पांढरी पडली, आणि असे पुन:पुन्हा होऊ लागले, तर हा संशय घ्यावयास हरकत नाही.

अंडी घालण्यासाठी रुंद पान किंवा उभा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. शाळेतील दगडी पाटीचा, चौकट काढलेला तुकडा टाकीत तिरपा उभा करून ठेवला तर बाजारातून वेगळे काही आणावे लागत नाही. कन्व्हिक्टला आडोसा प्रिय. त्याच्यासाठी मातीची कुंडी आडवी ठेवली की झाले.

मादी खालून वर सरकत ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर मागोमाग येऊन ती फलित करतो. एका वेळी काही शेकडा अंडी पडतात. फलित अंडे मधासारखे पारदर्शक राहते. न फळलेले एका दिवसात पांढरे होते व त्यावर बुरशी धरते. ही बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यावर पसरते, म्हणून आईबाप पांढरी अंडी वेचून खातात. ही सफाई पाहून कित्येकांस वाटते की मासे अंडी फस्त करीत आहेत, आणि ते घाईने टाकीत हात घालतात. मग घाबरलेली जोडी खरोखरच सारी अंडी खाऊन टाकते.

सव्वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानात दोन ते तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांना तेव्हा पोहता येत नाही. डोक्यावरील चिकट ग्रंथींच्या आधाराने ती पानावर लोंबकळत, शेपटी हालवत राहतात. आईबाप त्यांना तोंडात घेऊन एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतात; खाली पडलेले पिल्लू उचलून पुन्हा जागच्या जागी चिकटवतात. आणखी सुमारे पाच दिवसांनी पोटातील बलक संपतो आणि थवा पोहू लागतो.

१९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी आफ्रिकेतील ज्युवेल माशाचा एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. संध्याकाळी भटकी पिल्ले तोंडात गोळा करून घरट्याकडे नेणाऱ्या नराने नुकताच एक किडा तोंडात घेतला होता. तेवढ्यात चुकलेले एक पिल्लू समोर आले, तेही त्याने उचलले. आता एक गिळावयाचे व दुसरे जपावयाचे. मासा क्षणभर स्तब्ध राहिला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकले, आधी किडा खाल्ला, नंतर पिल्लू उचलून घरट्यात नेले. माशाला विचार करता येतो की नाही हा वाद पंडितांनी घालावा. टाकीपुढे बसणाऱ्यास एवढे पटते की या प्राण्याला त्याचे काम समजते.

अंडी काढावीत की ठेवावीत

अंडी खाल्ली जाण्याची कारणे बहुधा साधी असतात. जोडी पहिलटकर असते, टाकीत दुसरे मासे असतात, खोलीतील दिवा एकाएकी मालवला जातो किंवा मुले काचेवर टिचक्या मारतात. उपायही तेवढेच साधे आहेत. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावावा, रात्री खोलीत मंद दिवा ठेवावा, अंडी असताना टाकीची साफसफाई करू नये. पहिल्या दोन-तीन वेळा अंडी गेली तरी जोडी बदलण्याची घाई नको. चांगले खाऊ घातलेली जोडी दोन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते, आणि पुष्कळ जोड्या तिसऱ्या-चौथ्या खेपेस शिकतात.

विक्रीसाठी पिल्ले वाढवणारे मात्र थांबत नाहीत. ते अंड्यांसह पाटी उचलून दहा-पंधरा लिटरच्या वेगळ्या टाकीत ठेवतात. पाणी त्याच टाकीतील घेतात, बुडबुड्यांचा दगड अंड्यांजवळ, पण थेट खाली नव्हे, असा ठेवतात, पाणी फिकट निळे होईल इतकेच मेथिलीन ब्ल्यू टाकतात आणि पांढरी अंडी ड्रॉपरने काढतात. या रीतीने पिल्ले अधिक मिळतात, यात शंका नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या अशी अंडी काढून घेतलेल्या वाणात संगोपनाची प्रवृत्ती मंदावते, असे अनेक जाणत्या पालकांचे मत आहे. ज्याला चार पैसे मिळवावयाचे आहेत त्याने पाटी उचलावी. ज्याला सिक्लिड पाहावयाचा आहे त्याने ती तेथेच राहू द्यावी.

खामगावचे ऊन, खामगावचे पाणी

पुस्तकांतील सूचना बहुधा थंड देशांतील पालकांसाठी लिहिलेल्या असतात. तेथे टाकी गरम कशी ठेवावी ही चिंता. खामगावात हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता. येथे खरी कसोटी मे महिन्यात लागते. बाहेर पारा बेचाळीस अंशांपलीकडे गेला की पत्र्याच्या छपराखालील टाकीचे पाणी सहज तेहतीस-चौतीस अंशांवर पोहोचते. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; पस्तीस अंशांत तो सात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. अंड्यांना याच वेळी अधिक प्राणवायू हवा असतो आणि बुरशीलाही ऊब मानवते. म्हणून उन्हाळ्यात टाकी तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी. धाब्याच्या जुन्या घरांतील आतली खोली यासाठी उत्तम. टाकीचे झाकण काढून त्या जागी जाळी घालावी आणि पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्यावा. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीही दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाचे खडे टाकीत टाकू नयेत. त्या धक्क्याने अंडी व मासे दोन्ही हातचे जातात. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. तोही नसेल तर पेल्याने पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीतच सोडत राहावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळाच्या पाण्यातील क्लोरीन अंड्यांना व कल्ल्यांना मारक असते. उघड्या भांड्यात एक दिवस ठेवले की त्याचा बराचसा भाग उडून जातो, आणि पाणी साठवून ठेवण्याची सवय येथील घरांना आहेच. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी मात्र बहुधा जड असते. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो, ही त्याची घरगुती ओळख. जिल्ह्याच्या उत्तरेकडे, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर ते खारटही असते. एंजलचे मूळ घर मऊ पाण्याचे आहे. जड पाण्यात मासे जगतात, वाढतात, पण अंडी कमी फळतात. अशा ठिकाणी पावसाळ्यातील पहिल्या काही सरी सोडून स्वच्छ छतावरील पाणी धरून ठेवावे व ते निम्मे निम्मे मिसळावे. उन्हाळ्यात आटलेले पाणी भरून काढण्यासही हेच वापरावे, नाहीतर क्षार दिवसेंदिवस साचत जातात.

ज्याला हा खटाटोप नको त्याने मलावीचे सिक्लिड पाळावेत. त्यांना जड पाणीच मानवते. त्यांची मादी अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे उपाशी राहते. फुगलेल्या हनुवटीची मादी दिसली तर तिला आजारी समजून औषध घालू नये.

पोहू लागलेल्या एंजलच्या पिल्लांना नुकते फुटलेले आर्टेमिया द्यावे. एक लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम जाडे मीठ घालून, हवा सोडत ठेवले की आर्टेमियाची अंडी एक-दीड दिवसात फुटतात. फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची रीत आहे, पण त्याने पाणी लवकर नासते. आईबापांसाठी गांडूळ खताच्या वाफ्यातील गांडूळ धुऊन, चिरून देणे चांगले. गटारातील ट्युबिफेक्स रोग घेऊन येतात. आणि डासांच्या अळ्यांसाठी उघडी भांडी भरून ठेवणे म्हणजे डेंग्यूला घरी बोलावणे होय.

पिल्ले अधिक झाली तर

एका जोडीची दोनशे पिल्ले महिन्याभरात घराला जड होतात. अशा वेळी ती जनुना तलावात, विहिरीत किंवा नदीत सोडण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. चिलापी म्हणून बाजारात मिळणारा मासा हाही सिक्लिडच. तो १९५२ साली भारतात आणला गेला. अंडी-पिल्ले तोंडात जपणाऱ्या या माशाची संख्या अनेक तलावांत इतकी वाढली की कटला, रोहू यांसारख्या माशांचे अन्न व जागा त्याने अडवली. टाकीत जे संगोपन पाहून कौतुक वाटते, तेच उघड्या पाण्यात स्थानिक माशांच्या मुळावर येते.

पिल्लांना गिऱ्हाईक शोधणे हाच योग्य मार्ग. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी तीन लाख रुपये प्रकल्पखर्च धरून सर्वसाधारण लाभार्थीस चाळीस टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींस साठ टक्के साहाय्य ठेवण्यात आले. चालू निकष जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावेत. शिक्षणाची सोय विदर्भातच, नागपूरच्या तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयात आहे.

पिल्ले रुपयाच्या नाण्याएवढी झाली की विकावयास काढावीत. पाठवण्याच्या आदल्या दिवशी त्यांना खाऊ घालू नये. प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश हवा भरून तोंड घट्ट बांधावे, आणि उन्हाळ्यात पिशव्या ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रीच्याच गाडीने रवाना कराव्यात.