मूत्राशयाची वाट घोट्यातून

मलिहाबादच्या आमराईत झाडावरून पडलेला किंवा घराच्या गच्चीवरून कोसळलेला तरुण लखनौच्या इस्पितळात येतो, तेव्हा घरच्यांचा प्रश्न एकच असतो, ‘हा चालेल कधी?’ लघवीचं काय, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायची लाज वाटते. पण मज्जारज्जूला मार बसला की पायांबरोबर मूत्राशयाचाही मेंदूशी संबंध तुटतो. लघवी तुंबते, नाहीतर नको तेव्हा सुटते. आतला दाब वाढून ती मूत्रपिंडाकडे उलटी चढू शकते. एके काळी असे कितीतरी रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊनच दगावत.

म्हणून किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या पुनर्वसन विभागासारख्या (लखनौकर त्याला ‘लिंब सेंटर’ म्हणतात) ठिकाणी चालण्याआधी नळीचा धडा महत्त्वाचा. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. ही पद्धत 1972 साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी रूढ केली. आजही खरा आधार तिचाच. मात्र दोन वेळांच्या मध्येच कपडे ओले होत असतील, तर माणूस घराबाहेर पडणंच सोडतो.

इथेच विजेच्या सौम्य प्रवाहाची मदत होऊ शकते. पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला दोन चिकटपट्ट्या लावून साधारण अर्धा तास प्रवाह सोडतात. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. मूत्राशयाचा इलाज घोट्यात कसा? कारण तिथून जाणारी नस कण्याच्या ज्या भागातून निघते, तिथूनच मूत्राशयाच्या नसाही निघतात. नसेला चाळवलं की खवळलेलं मूत्राशय शांत होऊ शकतं.

लॉस एंजेलिसच्या डॉ. डॅनियल लू यांनी तर कंबरेवर चुंबकीय लहरी सोडून पाहिल्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाच पुरुष होते. आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, सोळा आठवडे. पाचही जणांना स्वतःहून लघवी करणं काही प्रमाणात जमलं, एकाची नळी पूर्ण सुटली. पण पाच म्हणजे पाचच!

तेव्हा जाहिरात पाहून यंत्र विकत आणू नये. मूत्राशयातला दाब तपासून डॉक्टर ठरवतील. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तर स्वतःच्या मनाने यात पडूच नये. नळी मनाने बंद करणं धोक्याचं. गुण आला तरी तो टिकवायला उपचार चालू ठेवावे लागतात, आणि सगळ्यांनाच येतो असंही नाही.

ज्याला येतो, त्याला चार तास कोरडं राहता येतं. तेवढ्यात लखनौहून कानपूरला जाऊन बहिणीच्या लग्नाच्या मांडवात पोचता येतं.