उत्तनहून परिषद ऐकायला किती नेट लागतं?

“आपल्याकडे नेटला तेवढा स्पीड नाही. ऐकायचंच असेल तर भाईंदरला कुणाच्या तरी घरी जाऊन बसावं लागेल.” एखाद्या तंत्रज्ञान परिषदेची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली की उत्तन, पाली, डोंगरीतल्या मुलांकडून हे हमखास ऐकू येतं. घरची मंडळीही लगेच माना डोलावतात आणि नोंदणी राहून जाते. याचा खरंच राग येतो. २०१९ पर्यंत अ‍ॅपलच्या वार्षिक डेव्हलपर परिषदेचं तिकीट १,५९९ डॉलर होतं. व्हिसा आणि विमानाचा खर्च वेगळा. २०२० च्या साथीत ती परिषद पूर्ण ऑनलाइन आणि विनामूल्य झाली. आजही तिची सत्रं घरबसल्या फुकट पाहता येतात. पैशांची एवढी मोठी अडचण दूर झाली, आणि आपण मात्र न तपासलेल्या समजुतीपायी दारातूनच परत फिरायचं?

आकडे पाहू. झूम कंपनीच्या स्वतःच्या सूचनांनुसार वेबिनारमधल्या श्रोत्याला ७२० पी दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे १.२ मेगाबिट पुरतात. नुसत्या आवाजाला ६० ते ८० किलोबिट लागतात. यूट्यूब ७२० पी साठी २.५ आणि ४८० पी साठी १.१ मेगाबिट सुचवतं. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. त्यानुसार किमान वेगच २ मेगाबिट आहे. म्हणजे अगदी किमान जोडणीवरही व्याख्यान नीट ऐकू येतं आणि पडद्यावरची अक्षरं वाचता येतात. शंभर मेगाबिटची फायबर जोडणी घरात असली तर उत्तमच, पण परिषदेसाठी ती अट नाही. ‘एमबीपीएस’मध्ये मोजतात ते मेगाबिट. फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. हे दोन्ही एकच समजल्यामुळेही अनेकांना आपलं नेट आहे त्याहून मंद वाटतं.

मग चित्र अडकतं का? बहुतेकदा नेट स्थिर नसतं म्हणून. यूट्यूबवरचं प्रक्षेपण काही सेकंदांचा मजकूर आधीच साठवून ठेवतं, त्यामुळे मधला छोटा खंड जाणवत नाही. झूमवरची कार्यशाळा दोन्ही बाजूंनी चालू असते. तिथे साठवायला वेळच नसतो, आणि सेकंदभर सिग्नल गेला तरी शब्द गळतात. म्हणून चाचणी दुपारी उरकू नका. परिषद ज्या वेळी आहे त्याच वेळी, ज्या खोलीत बसणार त्याच खोलीत घ्या. राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जवळ वेगवान असतो, पण भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतो. दोन भिंतींपलीकडे बसणार असाल तर २.४ चा पट्टा निवडा. लॅपटॉपला लॅनची वायर जोडता आली तर सर्वात चांगलं. लाइट गेली तरी लॅपटॉप चालू राहील, राउटर बंद पडेल. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. तो नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा.

मोबाइलच्या डेटावर अवलंबून असणाऱ्यांनी मात्र हिशोब करायलाच हवा. २.५ मेगाबिटने तासाला १.१ जीबीच्या आसपास डेटा जातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक दीड तासही पुरत नाही, आणि त्यानंतर बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ किलोबिटवर येतो. त्यात धड आवाजही येत नाही. ४८० पी वर तोच खर्च निम्म्याहून कमी होतो. चित्राचा दर्जा आपणहून खाली आणा. यंत्रणेवर सोपवू नका.

“नंतर रेकॉर्डिंग बघू” हेही नेहमीचंच. मुख्य व्याख्यानांचं रेकॉर्डिंग बहुधा मिळतं, पण प्रश्नोत्तरांच्या खोल्या, गटचर्चा आणि कार्यशाळा अनेकदा रेकॉर्ड होत नाहीत. शिकणं तर तिथेच जास्त होतं.

“घरीच आहे, लिंक दाबली की झालं.” कार्यशाळेला लागणारी सॉफ्टवेअर काही जीबींची असू शकतात. ती आदल्या रात्री उतरवून, चालवून पाहिलेली हवीत.

“कॅमेरा लावून बसावं लागतं, घरात तशी जागा नाही.” वेबिनारमध्ये श्रोत्याचा कॅमेरा चालूच होत नाही.

“इंग्रजी झेपणार नाही.” क्रोम ब्राउझरमध्ये बोललेल्या इंग्रजीची अक्षरं पडद्यावर दाखवण्याची सोय आहे, ती आधीच चालू करून ठेवा. प्रश्न लिहून विचारता येतो. वाक्य साधं असलं तरी चालतं, मुद्दा नेमका हवा.

वेळेबाबतची समजूत सगळ्यात जास्त नडते. “सकाळी दहा” म्हणजे आपले दहा नव्हेत. कॅलिफोर्नियातले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा, कारण अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं एक तास हलवतात. तिथल्या दुपारी दोनचं सत्र आपल्याकडे मध्यरात्र उलटून अडीच किंवा साडेतीनला येतं, तेही पुढच्या तारखेला. कॅलेंडरमध्ये नोंद करताना तारीख पुन्हा एकदा तपासा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज किंवा कामावर जायचं असेल तर त्या रात्रीची दोनच सत्रं निवडा.