खारपाणपट्ट्यातली मध्यम लहर

रेडिओच्या पोटातल्या फेराइट कांडीबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो. ती आता पुढच्या खेपेला, कारण दर्यापूरहून एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो मला बाजूला ठेवता येईना. अमेरिकेत २००९ पासून मध्यम लहरीची केंद्रं आपलाच कार्यक्रम छोट्या एफएम ट्रान्सलेटरवरून, फार तर २५० वॉटवर, देऊ लागली, हे मागं आलंच आहे. त्यावर ते विचारतात, “मंग आपल्या वऱ्हाडात मोलाचं काय? नागपूरची मध्यम लहर, का अचलपूरचं एफएम?”

२८ एप्रिल २०२३ला आकाशवाणीचे १०० वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक देशात एकदम सुरू झाले. त्यांत अचलपूर होतं, वाशीमही होतं. सगळे मिळून सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर नवा टापू, असा सरकारी आकडा. भागून पाहा : एकेकाच्या वाट्याला ३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम ११ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. दर्यापूर तर अचलपूरहून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर! अचलपूरच्या उत्तरेला सातपुडा आडवा. एफएमची तीनेक मीटरची लहर डोंगराला वळसा घालत नाही.

नागपूर ‘अ’ केंद्र ५८५ किलोहर्ट्‌झवर, क्षमता ३०० किलोवॉट. लहरीची लांबी ५१३ मीटर. ही लहर जमीन धरून चालते आणि किती लांब जाईल ते जमीनच ठरवते. कोरडा मुरूम, खडक तिला लवकर थकवतात. ओली, खारट चिकणमाती तिला पुढं जाऊ देते. आता पूर्णेचं खोरं आठवा. अमरावती, अकोला, बुलडाण्यातला खारपाणपट्टा; दर्यापूर त्यातच. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, माणसाला पिववत नाही. पण त्याच क्षारांनी तिथल्या मातीची विद्युतवाहकता वाढलेली असते. शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जाच लहरीच्या मात्र पथ्यावर पडतो. या पट्ट्याबद्दल मला वर्षानुवर्षं कुतूहल आहे ते यासाठीच.

खर्चात मात्र एफएम जिंकतं. नागपूरच्या एका प्रक्षेपकाच्या ताकदीत अचलपूरसारखे ३,००० बसतील. शिवाय एफएम कित्येक मोबाइलमध्ये असतं, मध्यम लहर नसते. एलईडी दिव्यांनी आणि मोटारींच्या स्टार्टरनी तिच्यात खरखरही होते. तेव्हा अचलपूर-परतवाड्यातल्या माणसाला एफएमच सोयीचं. पण ते नुसतं सहक्षेपण. दुसरीकडचाच कार्यक्रम पुढं पाठवणं. अकोल्याचं आकाशवाणी केंद्रही एफएमवरच, पण त्याला स्वतःचा स्टुडिओ आहे. अचलपूरला दिवसातून तासभर जरी तिथल्या संत्रा बागायतदाराशी बोलता आलं, तर त्या १०० वॉटचं मोल कितीतरी वाढेल. तोवर दर्यापूरसाठी माझं मत नागपूरच्या मध्यम लहरीला.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी एक करावं. भर दुपारी, मोटार बंद असताना, शेतात ५८५ लावावं. नागपूर पूर्वेला आहे, म्हणून संच दक्षिणोत्तर आडवा ठेवावा. का, ते कांडीच्या भागात येईल. मग तोच संच घेऊन मुरमाड बरडावर जावं आणि आवाजात काय फरक पडला ते कळवावं.